चेंबरमधल्या ऑईलचा रिपोर्ट काढावा का?

गेल्या उन्हाळ्यात खटाव तालुक्यातल्या एका खडी क्रशरवरच्या पोकलेनचं इंजिन ऑईल आम्ही तपासायला पाठवलं. मशीन व्यवस्थित चालू होतं. धूर नव्हता, आवाज नव्हता, प्रेशर बरोबर होतं, ऑईल खातही नव्हतं. रिपोर्टात सिलिकॉन (म्हणजे धूळ) ४८ आणि लोखंड (म्हणजे झीज) १३० आलं. याच मशीनच्या आधीच्या रिपोर्टात हे आकडे ९ आणि ३४ होते, आणि दोन्ही वेळेला ऑईल अडीचशे तासच चाललेलं होतं.

मालकांचा फोन आला. "इंजिन उघडाय लागतंय का?" मी म्हटलं, थांबा, आधी हवा कुठून जाते ते बघू. एअर फिल्टर नवा होता. त्याच्यापासून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जाणारा रबरी पाइप काढला आणि आतून बोट फिरवलं, तर बोटाला पिठासारखी राखाडी भुकटी लागली. फिल्टर बदलताना क्लॅम्प तिरका बसला होता. बाहेरून बघणाऱ्याला तो घट्टच दिसत होता, पण खालच्या बाजूने नखाएवढी फट राहिली होती आणि क्रशरची धूळ फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात जात होती. क्लॅम्प नवा टाकला, पाइप धुतला, ऑईल बदललं. अर्ध्या तासाचं काम होतं. आणखी एक सीझन तसंच चाललं असतं तर लायनर (ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो ती), पिस्टन, रिंगा सगळं गेलं असतं.

हे ऐकून आता बरेच जण विचारतात, आम्हीपण रिपोर्ट काढू का? त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना मी नको म्हणून सांगतो. कुणाला हो आणि कुणाला नको, हे समजायचं तर आधी रिपोर्टात काय असतं ते कळायला हवं.

रिपोर्टातले आकडे येतात कुठून

भाताच्या पातेल्यातलं मिठाचं पाणी उतू जाऊन बर्नरवर पडलं की निळी ज्योत पिवळी होते. मिठातलं सोडियम ज्योतीत तापलं की पिवळा प्रकाश देतं. प्रत्येक धातूचा असा आपापला प्रकाश असतो. प्रयोगशाळेतलं स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र हेच करतं. ऑईलचा थेंबभर नमुना प्रचंड तापमानाला जाळतं आणि त्यातून कोणकोणते प्रकाश किती तीव्रतेने आले ते मोजतं. त्यावरून लोखंड किती, तांबं किती, शिसं किती हे कळतं.

आकडा पीपीएममध्ये असतो, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. पोकलेनच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, २५ लिटर ऑईल धरलं तर त्याचं वजन साधारण २२ किलो. त्यात १३० पीपीएम लोखंड म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. दोन हरभरे एकत्र केले तर जेवढे होतील तेवढा लोखंडाचा गोळा, तो अडीचशे तासांत इंजिनाच्या आतून झिजला आणि ऑईलमध्ये विरघळल्यासारखा पसरला. डोळ्याला ते दिसणं शक्यच नाही.

कुठला धातू कुठून येतो याचे काही ठोकताळे आहेत. लोखंड लायनर, क्रँक, कॅम आणि गिअरमधून येतं. अॅल्युमिनियम बहुतेक वेळा पिस्टनमधून. क्रोमियम रिंगांमधून. शिसं आणि कथील बेअरिंगच्या थरातून. तांबं बेअरिंग आणि बुशमधून, पण ऑईल कूलरमधूनही. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. सोडियम किंवा पोटॅशियम अचानक वाढलं तर रेडिएटरचं कूलंट ऑईलमध्ये उतरतंय असं समजायचं. इथे एक बारकाई आहे. इंजिन गरम असल्यामुळे कूलंटमधलं पाणी वाफ होऊन उडून जातं, त्यामुळे ऑईल दुधाळ न दिसताही हेड गॅस्केट किंवा कूलर गळत असू शकतो. पाणी उडालं तरी कूलंटमधले क्षार मागे राहतात आणि रिपोर्टात सापडतात. इतक्या सुरुवातीला ही गळती ओळखायचा दुसरा स्वस्त मार्ग माझ्या माहितीत नाही.

धुळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या भागात इंजिनं मरतात ती मुख्यतः धुळीने. सह्याद्रीचा आणि पठाराचा आपला काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. त्याचा जवळपास निम्मा भाग सिलिका असतो. क्रशरवर, मुरूमाच्या खाणीत, रस्त्याच्या कामावर हाच दगड पीठ होऊन हवेत तरंगतो. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑईलचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. त्या पापुद्र्याएवढाच धुळीचा कण आत गेला की तो पॉलिश पेपरसारखा काम करत राहतो. म्हणून सिलिकॉन, लोखंड आणि अॅल्युमिनियम तिन्ही एकत्र वाढले की मी इंजिनाकडे न जाता आधी हवेच्या रस्त्याकडे जातो.

धातूंशिवाय ऑईलच्या स्वतःच्या तब्येतीचे आकडे असतात. पहिला व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे पातळ-जाडपणाचा. १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑईल १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असायला हवं. खाली घसरलं तर डिझेल मिसळत असल्याचा संशय घ्यायचा, वर चढलं तर काजळी वाढली किंवा ऑईल उष्णतेने जळून घट्ट झालं. दुसरा टीबीएन. डिझेल जळताना गंधकामुळे आम्ल तयार होतं, ते मारायला ऑईलमध्ये अल्कली घातलेली असते. ती किती शिल्लक आहे ते टीबीएन सांगतं. डिझेल इंजिनाच्या नव्या ऑईलचा टीबीएन दहाच्या आसपास असतो, आणि तो निम्म्यावर आला की ऑईल बदलायची वेळ झाली असं बहुतेक जण धरतात. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ डिझेल मिळतं. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम असतं, त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक कमी झाल्यामुळे टीबीएन पूर्वीइतका भराभर पडत नाही. "जुन्या काळात अमुक तासांना बदलायचो" हा हिशोब आज जसाच्या तसा लागू का पडत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

आणि रंग? काळ्या रंगावरून ऑईल गेलं की नाही ते कळत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑईल घातलं की दोन-चार तासांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे, काळं झालं म्हणजे ते काम करतंय. दोन बोटांत चोळून "ऑईल गेलं" म्हणणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिले, त्यातल्या काहींकडूनच मी काम शिकलो. पण बोटाला टीबीएन लागत नाही आणि ४८ सिलिकॉनही लागत नाही.

रिपोर्टाला काय दिसत नाही

स्पेक्ट्रोमीटरला फक्त बारीक कण नीट जाळता येतात, साधारण आठ-दहा मायक्रॉनपर्यंतचे. त्याहून मोठे कण आकड्यात पूर्ण उतरतच नाहीत. हळूहळू होणारी झीज बारीक कणांची असते, ती पकडली जाते. पण बेअरिंगचा पापुद्राच सुटायला लागला, गिअरचा दात तुटला, तर त्याचे तुकडे मोठे असतात. ते फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि रिपोर्ट मात्र छान येतो.

एका डंपरच्या बाबतीत आमचं असंच झालं होतं. रिपोर्टात बोट ठेवायला जागा नव्हती आणि तीन आठवड्यांत कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटून रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. मालक माझ्यावर चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. थकून तुटणारा बोल्ट ऑईलमध्ये धातू सोडत नाही. त्याची खबर कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

म्हणून जुना ऑईल फिल्टर कापून बघायची सवय लावा. याला एक पैसा लागत नाही. पत्रा कापायच्या हत्याराने डबा उघडा. हॅक्सॉने कापला तर ब्लेडचाच कीस आत पडतो आणि भलतीच भीती बसते. आतला कागद पसरून उन्हात धरा. चमचमणारे कण आहेत का, ते लोहचुंबकाला चिकटतात का बघा. चिकटले तर लोखंड किंवा स्टील. सोनेरी-तांबूस दिसले आणि चिकटले नाहीत तर बेअरिंग किंवा बुश.

पैशाचा हिशोब

ही पद्धत मुळात रेल्वेतून आली. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांचं वापरलेलं ऑईल असं तपासायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ऑईलसाठी स्वतःची प्रयोगशाळा असते. रेल्वेला ते का परवडतं हे उघड आहे. चेंबरमध्ये शेकडो लिटर ऑईल, इंजिनाची किंमत कोटीत, आणि ते मधल्या स्टेशनात बंद पडलं तर मागच्या सगळ्या गाड्या अडकतात.

आता आपल्या दारातली गाडी घ्या. पेट्रोल कारमध्ये साडेतीन-चार लिटर ऑईल. एका नमुन्याला खर्च दीड हजार रुपये धरू. प्रयोगशाळेप्रमाणे आणि चाचण्यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो. तेवढ्यात तुमचं ऑईल जवळपास बदलून होतं. मग बदलूनच टाका की. मोटारसायकलला एक लिटर लागतं, तिथे तर विचारही नको. घरच्या ट्रॅक्टरचं तसंच, वर्षाला चार-पाचशे तास चालतो, ऑईल वेळेवर बदला, हवेचा फिल्टर स्वच्छ ठेवा, संपलं.

पोकलेनचा हिशोब वेगळा पडतो. वर्षाला दोन हजार तास, अडीचशे तासांना ऑईल, म्हणजे आठ वेळा बदल. दर दुसऱ्या वेळेला नमुना पाठवला तर वर्षाचे सहा हजार. इंजिनाचं काम निघालं तर काही लाख जातात, आणि मशीन वीस दिवस उभं. तासाला बाराशे भाडं आणि दिवसाला आठ तास धरले तर वीस दिवसांचे एक लाख ब्याण्णव हजार त्या उभ्या मशीनचेच झाले. दहा वर्षांत एकदा जरी रिपोर्टाने मोठं काम वाचवलं तरी पैसे निघाले.

पण खरा प्रश्न पैशाच्याही आधी येतो, आणि मी प्रत्येकाला तोच विचारतो. रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही काय करणार? "सीझन चालू आहे, मार्चनंतर बघू" असं उत्तर असेल तर नमुना मार्चनंतरच पाठवा. आणि रिपोर्ट चांगला आला तर काय वेगळं करणार? काहीच नाही, ऑईल ठरल्या तासाला बदलणारच, असं असेल तर त्या रिपोर्टातून फक्त मनाची शांती मिळते. तिलाही किंमत आहे, पण ती शांती विकत घेतोय हे माहीत असावं.

चांगल्या रिपोर्टाचा उपयोग होतो तो ऑईलची मुदत वाढवायला. वीस ट्रक एकाच मार्गावर, एकाच मालाला चालत असतील तर त्यातले तीन निवडा. ठरलेल्या किलोमीटरला नमुना घ्या, मग थोडं पुढे, मग आणखी पुढे. टीबीएन, व्हिस्कॉसिटी आणि लोखंड तिन्ही ठीक असतील तर वीसही ट्रकना मुदत वाढवता येते. इथे बचत दरवर्षी आणि ठरलेली असते, नशिबावर नाही. फक्त वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय हे करू नका.

सोसायटीच्या जनरेटरबद्दलही विचारणा होते. छोटा सेट असेल तर नको. मोठा असेल, ज्यात ऑईलच साठ-सत्तर लिटर लागतं, तर वर्षातून एकदा काढायला हरकत नाही. असे सेट वर्षभरात थोडेच तास चालतात, आणि तेही हलक्या लोडवर. त्यामुळे डिझेल ऑईलमध्ये उतरणं आणि कूलंट गळणं या दोन गोष्टींवर लक्ष हवं. झिजेचे आकडे तिथे फारसे काही सांगत नाहीत.

बीएस-६ डिझेल कार शहरात, ट्रॅफिकमध्ये, छोट्या अंतरावर चालवणाऱ्यांना मात्र फुकटची एक तपासणी सांगतो. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करायला जास्तीचं डिझेल वापरतो, आणि ते साफ करणं अर्धवट राहिलं की त्यातलं काही डिझेल ऑईलमध्ये येतं. गाडी सपाट जागी लावून सकाळी थंड इंजिनावर गेजकाठी बघा. ऑईल कमी होण्याऐवजी पातळी वर चढत असेल, वास डिझेलचा येत असेल, तर रिपोर्टाची गरज नाही, ऑईल बदलायलाच झालंय.

एक रिपोर्ट म्हणजे अर्धाच रिपोर्ट

४८ सिलिकॉन वाईट आहे हे मला कसं कळलं? आधी ९ होतं म्हणून. नुसता ४८ हातात असता तर मी गोंधळलो असतो. नव्या इंजिनात किंवा नुकत्याच उघडून बसवलेल्या इंजिनात गॅस्केटला लावलेल्या पेस्टमधून सिलिकॉन येतं आणि ते निरुपद्रवी असतं. नव्या ऑईल कूलरमधून तांबं कितीतरी सुटतं, शेकड्यांत जातं, आणि पुढच्या दोन-तीन बदलांत आपोआप उतरतं. ते बघून घाबरून बेअरिंग उघडणारे लोक आहेत. चांगलं इंजिन विनाकारण उघडणं हे रिपोर्टाचं सगळ्यात महागडं नुकसान आहे. तांबं एकटं वाढलं आणि शिसं, कथील, लोखंड जागेवर असेल तर आधी पुढच्या नमुन्याची वाट बघा.

त्यामुळे पाठवायचं ठरवलंच तर निदान तीन नमुने पाठवायची तयारी ठेवा. आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून द्या: इंजिनाचे एकूण तास, या ऑईलचे तास, ऑईलचं नाव व ग्रेड, आणि मधे किती लिटर वरून टाकलं. ही शेवटची गोष्ट कुणीच लिहीत नाही. पंचवीस लिटरमध्ये अधूनमधून मिळून दहा लिटर नवं ऑईल पडलं असेल तर लोखंडाचा आकडा पातळ होतो आणि झिजलेलं इंजिन धडधाकट दिसतं.

नमुना कसा घेता यावर सगळं अवलंबून आहे. मशीन कामावरून आलं की लगेच, गरम असताना घ्यायचा. रात्रभर उभ्या मशीनमध्ये कण तळाला बसतात. ड्रेन बोल्टच्या भोवतीची माती आधी डिझेलने धुवून, कापडाने कोरडी करा. बोल्ट काढल्यावर पहिला फवारा जाऊ द्या, त्यात तळाचा गाळ असतो. चार-पाच लिटर वाहून गेलं की मधल्या धारेखाली बाटली धरा, तीन भाग भरली की काढा. हात जपा, ऑईल कातडी सोलण्याइतकं गरम असतं. बाटली प्रयोगशाळेने दिलेलीच वापरा. पाण्याची रिकामी बाटली धुवून घेतली तरी थेंबभर पाणी राहतं आणि मग हेड गॅस्केटवर नसता संशय येतो. मला एकदा १२० सिलिकॉनचा रिपोर्ट आला होता. चौकशी केल्यावर कळलं की पोराने बाटलीचं झाकण क्रशरशेजारी मातीत उपडं ठेवलं होतं. दुसरा नमुना पाठवला, ११ आलं.

पाणी आहे का एवढंच बघायचं असेल तर गरम तव्यावर ऑईलचा एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. स्वयंपाकाचा तवा वापरू नका, वेगळा पत्रा घ्या, आणि चेहरा लांब ठेवा. अगदी किंचित पाणी असेल तर हे कळत नाही, पण मोठी गळती लगेच कळते.

जुनं मशीन विकत घेताना मात्र एका रिपोर्टानेही काम होतं, अट एकच. ऑईल नुकतं बदललेलं नसावं. मी सौदा करायला जातो तेव्हा आधी गेजकाठी ओढतो. डिझेल मशीनचं ऑईल मधासारखं स्वच्छ निघालं की समजायचं, ते काल-परवा बदललंय आणि आतली सगळी साक्ष त्याच्याबरोबर वाहून गेलीय. तसं असलं तर मी मालकांना सांगतो, मशीन पन्नास तास चालवा, तोवर टोकन घ्या, मग नमुना घेऊ. त्याबरोबर हायड्रॉलिक ऑईलचाही एक नमुना घ्या. ते विकणारा सहसा बदलत नाही, कारण दोनशे-अडीचशे लिटर लागतं. आणि पंप, मोटर, व्हॉल्व्ह ब्लॉक यांचं काम कित्येकदा इंजिनाच्या कामापेक्षा महाग पडतं.

खटावच्या त्या पोकलेनचा पुढचा रिपोर्ट दिवाळीआधी आला. सिलिकॉन १२, लोखंड ४१. मालकांनी आता प्रत्येक एअर फिल्टर बदलानंतर पाइप काढून बोट फिरवायची पद्धत ऑपरेटरला लावून दिलीय, आणि वर्षाला चारऐवजी दोनच नमुने पाठवतात. मला विचारलं, चालेल ना? चालेल म्हटलं.